हंडा कधी उचलायचा, हे कोणी सांगायचे?

मुंबई-ठाण्यात स्तनांची सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेल्या बाईला घरी सोडताना सहसा पुढच्या दीड-दोन महिन्यांचा आराखडा समजावून सांगतात. पहिल्या एक-दोन दिवसांपासून घरातल्या घरात चालायचे, दोन-तीन आठवड्यांनी चालणे वाढवायचे, छातीच्या स्नायूंवर जोर येईल असे काहीही साधारण सहा आठवडे टाळायचे आणि मग डॉक्टरांना विचारून हलक्या वजनापासून जिमला सुरुवात करायची. शहापूर तालुक्यात उंबरमाळीच्या आसपासची एखादी बाई कर्करोगामुळे स्तनाची शस्त्रक्रिया करून परत येते, तेव्हा तिची जखमही त्याच जागी असते. बऱ्याचदा काखेतल्या लसिका ग्रंथीही काढलेल्या असल्याने ती जास्त खोल असते. मोठ्या कर्करोग रुग्णालयात तिलाही हाताचे व्यायाम दाखवतात, पण गावी पोचेपर्यंत त्यातले ‘जड उचलू नका’ एवढेच उरते. जड म्हणजे किती आणि किती दिवस, याचा उलगडा होत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कष्टाला लागणे हा उपचाराचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याचे आठवडेवार नियोजन त्या बाईच्या रोजच्या कामांच्या हिशेबाने झाले पाहिजे, आणि ते तिला पाळता यावे याची जबाबदारी घराने आणि सरकारी आरोग्य यंत्रणेने मिळून घेतली पाहिजे.

या कामांकडे नीट पाहिले, तर ‘जड’ या शब्दात काय काय येते ते कळते. पंधरा लिटरचा हंडा भरला की भांड्यासकट सोळा-सतरा किलोंचा होतो. तो डोक्यावरून न्यायचा असला, तरी चुंबळीवर चढवताना दोन्ही हात खांद्याच्या वर न्यावे लागतात. मग दगडगोट्यांच्या वाटेने जाताना एक हात बराच वेळ वर धरून ठेवावा लागतो. त्याआधी विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदायचे असते, आणि दोर ओढताना जोर येतो तो नेमका छातीच्या, काखेच्या आणि पाठीच्या स्नायूंवर. पावसाळ्यात आवण उपटून मुठी बांधायच्या, दिवसभर वाकून चिखलात लावणी करायची. दिवाळीच्या आगेमागे कापणी, भाताचे भारे, झोडणी. मधल्या काळात सरपणाची मोळी. यातल्या एकाही कामाचे नाव रुग्णालयाच्या कागदावर नसते. जिममध्ये पाच किलोंचे डंबेल उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा, असे शहरातल्या बाईला आवर्जून सांगितले जाते. इथे तिप्पट वजनाचा हंडा दिवसातून चार-पाच वेळा उचलला जातो आणि तो कधीपासून उचलायचा, हे विचारायला माणूस नसतो.

याच्या उलट टोकाचा सल्लाही तितकाच घातक आहे. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातला लसिका द्रव नीट वाहून जात नाही आणि हात सुजण्याचा धोका राहतो. त्या भीतीने डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की या हाताने जन्मभर वजन उचलायचे नाही. बायकांनी ते इमानाने पाळले, आणि त्यातून अनेकींचा खांदा आखडला, हात दुबळा झाला. या समजाला १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी आव्हान दिले. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ स्त्रियांना त्यांनी हळूहळू सराव वाढवत लांब नौका वल्हवायला शिकवले. वल्हवणे म्हणजे हाताचे अखंड काम, तरी एकीलाही नव्याने सूज आली नाही. चोवीस जणींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी घेतली. आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, वजन अगदी थोडे थोडे वाढवत व्यायाम दिला. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा होता : सूज वाढलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, ११ आणि १२ टक्के. मात्र सूज अचानक बळावण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के होते, तर न करणाऱ्यांत २९ टक्के. पुढच्याच वर्षी सूज नसलेल्या १५४ स्त्रियांवरची त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायामाने नव्याने सूज येण्याचा धोका वाढत नाही, हे तीत दिसले. ब्रिटनमधल्या १७ केंद्रांतल्या ३९२ स्त्रियांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम सुरू केलेल्यांचे हात वर्षभराने अधिक चांगले काम करत होते.

या आकड्यांचा सोयीचा अर्थ मात्र कोणी काढू नये. ‘बघा, वजन उचलल्याने काही होत नाही, उद्यापासून पाण्याला जा,’ असे या चाचण्या म्हणत नाहीत. त्यांत वजन थोड्यापासून सुरू झाले होते, सुरुवातीला प्रशिक्षक शेजारी उभा होता, सूज असलेल्या स्त्रियांनी व्यायाम करताना हाताला दाब देणारी बाही घातली होती, आणि त्रास झाला तर थांबायची मुभा होती. विहिरीवर यातले काहीच नसते. हंडा पहिल्या दिवशीही तेवढाच भरतो आणि शंभराव्या दिवशीही तेवढाच.

‘खेड्यातली बाई दिवसभर राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला?’ या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. सोसायचे किती हे व्यायामात शरीर ठरवते. कामात ते पाणी, पाऊस आणि घरातली माणसे ठरवतात. शिवाय दुखरा हात असलेली बाई काम सोडत नाही, ती दुसऱ्या हाताने करते. त्यामुळे राबूनही तिचा खांदा आखडलेलाच राहतो आणि धडधाकट हात, मान, कंबर दुखू लागते. आखडलेल्या खांद्याची अडचण पुढच्या उपचारातही येते. रेडिएशन देताना हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर धरावा लागतो. तो वर जात नसेल, तर ते उपचारच लांबू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, आणि जखमेतला द्रव वाहून नेणारी नळी काढल्यावर भिंतीवर बोटे चढवत हात रोज थोडा वर नेणे, हे लावणीइतकेच गरजेचे काम आहे. त्याला पैसे लागत नाहीत. भिंत प्रत्येक घराला असते.

सौंदर्यशस्त्रक्रिया आणि कर्करोग यांचा उल्लेख एकत्र केलेला काहींना खटकेल. एक हौस, दुसरी जिवाशी गाठ, अशी ती वाटणी. मला ती मान्य नाही. स्तनांच्या भाराने मान-पाठ दुखते म्हणून ते लहान करून घेणारी, कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना करून घेणारी आणि निव्वळ आपल्या इच्छेने शस्त्रक्रिया करणारी, या तिघींच्या ऊती भरून यायला लागणारा वेळ त्यांच्या हेतूवर ठरत नाही. शहरातल्या बाईला आठवडेवार सल्ला मिळतो, यात तिचे काही चुकत नाही. तो सल्ला पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकापुरता राहतो, हे चुकते. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळल्याचा जागतिक संस्थांचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, म्हणजे गरीब बाईही आता ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचू शकते. टेबलावरून उतरल्यानंतरचा रस्ता मात्र तिला एकटीने चालावा लागतो.

सर्वात रास्त आक्षेप राहतो : सल्ला कितीही चांगला दिला, तरी सहा आठवडे पाणी भरायचे कोणी? तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते आहे, आणि तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घरोघर नळ येणे हाच खरा उपाय आहे आणि त्याचा आग्रह सोडता कामा नये. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईला नळ येईपर्यंत थांबता येत नाही. तिच्या घरात नवरा असतो, मुलगा असतो, दीर असतो. मोटारसायकलला दोन कॅन अडकवून दीड महिना पाणी आणणे त्यांना अशक्य नाही. पाणी भरणे हे बाईचेच काम आहे, हा समज मोडावा लागेल, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना पुरुषांना समोर बसवून स्पष्ट सांगितले तर तो मोडायला मदत होईल.

सरकारी यंत्रणेलाही नव्याने काही उभारण्याची गरज नाही. बाळंतपणानंतर आशा सेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करते. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. याच धर्तीवर मोठ्या शस्त्रक्रियेतून आलेल्या प्रत्येक बाईकडे आशाने जावे, खांदा किती वर जातो ते पाहावे, हात सुजला का ते पाहावे, आणि आता अर्धी कळशी चालेल, हंडा अजून नको, असे सांगावे. त्यासाठी तिला प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे. फुकटचे काम तिच्यावर आधीच पुष्कळ लादलेले आहे. फिजिओथेरपिस्टने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडला ठरलेल्या वारी या बायकांना तपासावे. उंबरमाळीहून लोकलने दोन तासांहून अधिक प्रवास करून, दादरच्या गर्दीत उतरून, खांदा दाखवायला परळचे कर्करोग रुग्णालय गाठा, असे ताज्या जखमेच्या बाईला सांगणे अन्यायाचे आहे.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. रुग्णालयातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना आपल्या कामांची नावे घेऊन विचारावे : पाणी शेंदणे कधी, भरलेला हंडा कधी, लावणी कधी, मोळी कधी? उत्तर मराठीत, तारखेसह कागदावर लिहून घ्यावे. आणि त्या बाजूचा हात एकाएकी लाल झाला, सुजला, ताप भरला, तर काटा लागला असेल म्हणून घरगुती लेप न लावता त्याच दिवशी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.