घर आणि दार : श्वानाचे पान

भोजनास बसण्यापूर्वी गाईचा, कावळ्याचा आणि श्वानाचा घास बाजूस काढून ठेवावा, ही आपल्याकडील गृहस्थाश्रमाची जुनी रीत. पोळी तोंडात धरून पळालेल्या कुत्र्याच्या मागे, ती कोरडी त्याच्या घशाखाली उतरावयाची नाही म्हणून, तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. त्या कथेत कुत्र्याला काय मानवते आणि काय मानवत नाही, याची चर्चा मात्र कोठे नाही. ती करण्याचे कारणही नव्हते. दारचा कुत्रा भाकरीचा तुकडा, ताकभात, उरलेसुरले जे मिळेल ते खाई, आणि पोटाचा उरलेला कोपरा गावाच्या वेशीवर स्वतःच भरून घेई.

अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी झाली. येथे दारचा कुत्रा घरचा झाला. त्यास गावकूस नाही, उकिरडा नाही, मोकाट हिंडणे नाही. यजमान जे वाढील तेवढेच त्याचे अन्न. साहजिकच त्याच्या पोटाची सारी जबाबदारी घरावर येऊन पडली, आणि तिच्याबरोबर एक वादही आला. कुत्र्यास कच्चे मांस घालावे, की पिशवीतील कोरडे दाणे?

न्यू जर्सीतील एका मराठी घरात हा वाद नुकताच रंगला. घर शाकाहारी. घरात आजी, मुलगा, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि नुकतीच रांगू लागलेली नात. नातवाच्या हट्टापायी लॅब्रॅडॉर जातीचे एक पिल्लू आणले गेले. शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून मुलाने एके दिवशी गोठविलेल्या कच्च्या मांसाची पेटी आणली आणि त्यातील एक पुडके विरघळण्यासाठी शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवले. वरच्या खणात आजींच्या नैवेद्याचे दूध व लोणी होते.

"आई, हेच त्याचं नैसर्गिक अन्न आहे," मुलगा म्हणाला.

"असेल बाबा. त्याला खाऊ दे," आजी म्हणाल्या, "पण माझं दूध मी आता ठेवू कुठं?"

एवढे बोलून त्यांनी दुधाचे पातेले बाहेर काढले, आणि ते त्या दिवशी परत आत गेले नाही. घरात भांडण झाले नाही. परंतु ओट्यावरील ते पातेले पाहून कोणास जेवण गोड लागले नाही.

मुलाचे म्हणणे निव्वळ लहरीचे होते असे नव्हे. कुत्र्याचे कारखानी अन्न ही फार जुनी वस्तू नाही. ओहायोतील सिनसिनाटीचा जेम्स स्प्रॅट हा गृहस्थ १८६० च्या सुमारास इंग्लंडात गेला असता, जहाजावरील कडक बिस्किटे गोदीतील कुत्री खात असल्याचे त्याने पाहिले, आणि त्यावरून कुत्र्यांसाठी बिस्किटे करण्याची कल्पना त्यास सुचली, असे सांगतात. पुढे १९२२ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे घोड्याचे मांस डब्यात भरून 'केन-एल रेशन' या नावाने विकू लागले. दुसऱ्या महायुद्धात टिनाची व मांसाची टंचाई पडली, तेव्हा डबे मागे पडले आणि कोरडे खाद्य पुढे आले. १९५७ मध्ये पुरीना कंपनीने 'डॉग चाऊ' बाजारात आणले, आणि आज घरोघर दिसणारा फुगीर दाणा रूढ झाला. धान्याचे पीठ, मांसाचे वाळविलेले चूर्ण, जीवनसत्त्वे आणि क्षार एकत्र मळून ते वाफेच्या उष्णतेत, मोठ्या दाबाखाली, आपल्या सोऱ्यातून चकली पडावी तसे साच्यातून बाहेर लोटतात. बाहेर पडताच ते फुगते, मग वाळवून त्यावर चरबीचा हात फिरवितात. अशा वस्तूस अन्न म्हणावयाचे की माल, अशी शंका एखाद्यास आली तर तीत नवल नाही.

ही शंका पुढे बळावली. १९९३ मध्ये इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने ग्रंथ लिहून कच्चे मांस व कच्ची हाडे यांचा पुरस्कार केला. २००७ मध्ये तर मोठाच अनर्थ ओढवला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, प्रथिने अधिक भासावीत म्हणून, मेलामाइन मिसळलेले निघाले. अमेरिकेत कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली, कित्येक प्राणी दगावले, आणि एकाच उत्पादकास सुमारे सहा कोटी डबे व पाकिटे परत मागवावी लागली. ते खाद्य मुख्यतः ओले, रश्श्याचे होते; परंतु विश्वास उडाला तो सरसकट सर्व कारखानी खाद्यावरचा. ज्याच्या घरचे जनावर त्या वर्षी गेले, त्याने स्वतःच्या हाताने मांस आणून घालावयाचे ठरविले तर त्यास दोष कोण देईल?

तथापि कच्च्या आहाराचा मुख्य आधार एका समजुतीवर आहे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून लांडग्याचे अन्न तेच त्याचे अन्न, ही ती समजूत. वंश खरा आहे, निष्कर्ष अपुरा आहे. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. पिष्ट पचविणारे अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत, असे त्यात दाखविले आहे. माणसाच्या शेजारी राहून, त्याच्या चुलीवरचे खाऊन, कुत्र्याचे पोट हजारो वर्षांत पालटले. दख्खनच्या भाकरीवर पोसलेल्या कुत्र्यांनी जे पिढ्यान्‌पिढ्या दाखविले होते, तेच शास्त्राने जनुके मोजून सांगितले.

दुसरी गोष्ट जंतूंची, आणि रांगते मूल असलेल्या घरात तीच अधिक महत्त्वाची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात केलेल्या तपासणीत कच्च्या पशुखाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे जंतू आढळले. गोठविल्याने हे जंतू मरत नाहीत, निद्रिस्त राहतात. पुडके विरघळले की तेही जागे होतात. निरोगी कुत्रा असे मांस खाऊन स्वतः ठणठणीत राहू शकतो. पण ते जंतू त्याच्या लाळेतून व विष्ठेतून घरभर जातात. तो ज्या फरशीवर बसतो तिच्यावर मूल रांगते, आणि ज्या हाताला तो चाटतो तो हात आजीच्या पानापाशी येतो. साल्मोनेला व लिस्टेरिया यांपासून अधिक भय लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांना असते. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्ये कच्चे वा अर्धकच्चे मांस घालू नये असे धोरण जाहीर केले, त्यामागे जनावराइतकीच माणसांचीही काळजी होती. कोरडे खाद्य निर्दोष आहे, असे याचा अर्थ नव्हे. त्याच २०१२ साली साउथ कॅरोलिनातील एका कारखान्याच्या कोरड्या खाद्यातून साल्मोनेला पसरला आणि अमेरिका व कॅनडा मिळून ४९ माणसे आजारी पडली. खाद्य कोणतेही असो, ते हाताळल्यावर हात धुवावयास हवेत.

येथे कोणी म्हणेल, कच्चे नको आणि कारखान्याचेही नको. आपला दहीभात काय वाईट? हा विचार मराठी घरात हमखास निघतो, आणि त्यामागील माया खरी असते. परंतु जो कुत्रा दहीभातावर जगे तो बाहेरही काही मिळवीत असे, हे विसरून चालणार नाही. केवळ भातावर वा केवळ मांसावर वाढविलेल्या पिल्लास कॅल्शियम कमी पडते आणि त्याची हाडे ठिसूळ होतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठी घरी करावयाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के कृतींत एक ना एक आवश्यक पोषकद्रव्य उणे निघाले. शिवाय आपल्या फोडणीतील कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. शिऱ्यातील मनुका आणि द्राक्षे त्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात, आणि चॉकलेट हे तर त्याचे विषच. प्रसादाचा शिरा प्रेमाने भरविणाऱ्या हातास हे ठाऊक नसते, म्हणून ते स्पष्ट सांगावयास हवे.

घरच्या चुलीवर केलेले अन्न शास्त्रशुद्ध कसे असावे, याचे एक उदाहरण न्यू जर्सीतच घडले आहे. पूर्वीच्या रॅरिटन टाउनशिपला १९५४ मध्ये एडिसन हे नाव मिळाले, आणि आज हे गाव भारतीय वस्तीसाठी सर्वांस परिचित आहे. तेथे मार्क मॉरिस या पशुवैद्याचा दवाखाना होता. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्र्यांची चळवळ अमेरिकेत रुजविणारे मॉरिस फ्रँक हे स्वतः अंध. त्यांच्या एकामागून एक आलेल्या साऱ्या कुत्र्यांचे नाव 'बडी'च असे. १९३९ मध्ये त्यांच्या बडीस मूत्रपिंडाचा विकार जडला. डॉ. मॉरिस यांनी त्याच्यासाठी मोजकी प्रथिने असलेले पथ्याचे अन्न तयार केले. डॉक्टर व त्यांच्या पत्नी लुईझ हे अन्न घरच्या स्वयंपाकघरात शिजवून काचेच्या बरण्यांतून पाठवीत. बरण्या वाटेत फुटू लागल्या, तेव्हा त्यांनी ते डब्यांत भरावयास प्रारंभ केला. मागणी वाढली, आणि १९४८ मध्ये कॅन्ससमधील टोपीका येथील हिल कंपनीकडे ते काम सोपविण्यात आले. कारखान्याच्या डब्यामागे असा एक घरचा ओटा आणि एका अंध माणसाच्या सोबत्याची काळजीही उभी आहे.

राहिला शाकाहाराचा प्रश्न. येथे स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. पिशवीतील कोरडा दाणा दिसावयास शेंगदाण्यासारखा असला तरी बहुधा त्यात मांसच असते. ते दिसत नाही, एवढेच. मांजरास मांसावाचून निभावणे फार कठीण. कुत्र्याचे तसे नाही. पशुवैद्याच्या देखरेखीखाली, नीट सिद्ध केलेल्या वनस्पतिजन्य आहारावर प्रौढ कुत्रा राहू शकतो. मात्र केवळ आपल्या समाधानासाठी वाढत्या पिल्लावर तसा प्रयोग करणे बरे नव्हे. व्रत हे घेणाऱ्याचे असते. ज्याने ते घेतले नाही आणि ज्यास नाही म्हणता येत नाही, अशा जिवावर ते लादण्यात पुण्य कसले? आपल्या स्वयंपाकघराची शुचिता राखण्याचा मात्र आजींस पूर्ण अधिकार आहे, आणि या बाबतीत त्यांची सोवळ्याची जाणीव व पशुवैद्यांचा सल्ला एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ही मौजेची गोष्ट होय.

पिशवी निवडताना तिच्यावरील चित्रास भुलू नये. धावणारा लांडगा, ताज्या भाज्या, 'धान्यविरहित' अशी मोठी अक्षरे, यांवरून काहीच ठरत नाही. वाटाणा, मसूर अशा कडधान्यांवर आधारलेल्या धान्यविरहित खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केली. २०२२ अखेरपर्यंत निश्चित कार्यकारण सिद्ध झाले नव्हते, तरी गाजावाजा म्हणजे गुण नव्हे एवढे त्यातून उमगले. वाचावयाची ओळ बारीक अक्षरांत असते. पशुखाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांची 'आफको' ही संघटना १९०९ पासून आहे; तिच्या निकषांप्रमाणे हे खाद्य 'पूर्ण व संतुलित' आहे काय, आणि ते पिल्लासाठी की प्रौढासाठी, हे त्या ओळीत सांगितलेले असते. पूर्ण वाढीनंतर सत्तर पौंडांवर जाणाऱ्या जातीच्या पिल्लांना ते चालते काय, हेही तेथेच पाहावे. कारण अशा पिल्लांना कॅल्शियम कमी पडणे जसे वाईट तसे अधिक होणेही वाईट.

आणि एक गोष्ट या साऱ्या वादात मागे पडते, ती म्हणजे माप. पुरीना कंपनीच्याच संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर केलेली पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. अन्न तेच, परंतु जोडीतील एकास दुसऱ्यापेक्षा चतुर्थांशाने कमी. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे भरले, अधिक खाणाऱ्यांचे ११.२. खाद्य विकणाऱ्यानेच कमी वाढा असे सांगावे, हे विशेष. मिताहाराचा आपल्याकडील जुना उपदेश येथेही लागू पडतो.

न्यू जर्सीतील त्या घरी अखेर मुलाने पशुवैद्यास विचारले. मांसाची पेटी गेली. पिल्लासाठी योग्य अशी कोरड्या खाद्याची पिशवी आली आणि तिची जागा स्वयंपाकघराबाहेर, गॅरेजमधील झाकणाच्या डब्यात ठरली. मापाची वाटी नातवाने आजींच्या स्वाधीन केली. तिन्हीसांजेस दिवा लावून झाला की आजी ती सपाट भरून मोजतात, एक दाणा अधिक नाही. नातू ती पिल्लापुढे ओततो आणि हात धुऊन येतो. दुधाचे पातेले शीतकपाटात परतले आहे. जेवणापूर्वी आजी आजही पोळीचा एक लहानसा तुकडा, तिखट-मीठ न लावलेला, बाजूस काढून ठेवतात. पिल्लाने आता ती वेळ ओळखली आहे. पाने मांडली जाण्याआधीच ते उंबऱ्याशी येऊन बसते.