गाईडच्या कागदात नसलेली मुंबई

गेल्या डिसेंबरात मी माझ्याच शहरात एक दिवस पाहुणी म्हणून फिरले. साठ वर्षं मुंबईत काढलेल्या बाईने गाईड घेऊन मुंबई बघायची यात हसण्यासारखं काही वाटत असेल तर हसून घ्या. झालं असं, की न्यू जर्सीहून आलेल्या माझ्या भाचीने स्वतःसाठी आणि दोन मैत्रिणींसाठी 'प्रायव्हेट टूर' ठरवली होती. एसी गाडी, ड्रायव्हर, इंग्रजी बोलणारी गाईड, सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. एक मैत्रीण आयत्या वेळी आजारी पडली. "मावशी, पैसे भरलेत, जागा रिकामी आहे, तू चल." त्या एका दिवसाचे त्यांनी जे मोजले ते आमच्या केंद्रातल्या कार्यकर्तीच्या महिन्याच्या निम्म्या मानधनाएवढे होते. पैसे भरलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही ही शिकवण अंगात मुरलेली, म्हणून गेले. संध्याकाळी जो संताप घेऊन घरी आले तो अजून उतरलेला नाही.

आधीच सांगते, हा राग गाईडवर नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, डोंबिवलीहून पहिल्या लोकलने आलेली. टूर मिळाली तर पैसे, नाही मिळाली तर नाही. रजा नाही, आजारपण नाही. बोलायचा मजकूर कंपनीने छापून दिलेला, तो तिला तोंडपाठ. घरकामगार बाईबद्दल, बालवाडीच्या ताईबद्दल आपण जे म्हणतो तेच हिच्याबद्दलही खरं आहे. माझं भांडण त्या छापील कागदाशी आहे.

पहाटे ससून डॉक. १८७५ साली बांधलेला हा धक्का, ससून घराण्याची दानत, ज्यू व्यापारी, अफू आणि कापूस, हे सगळं तिने नीट सांगितलं. मग म्हणाली, आता पुढे 'रंगीबेरंगी लुगड्यांतल्या कोळणी' दिसतील, कॅमेरे मात्र आत ठेवा, इथे फोटोला बंदी आहे. रंगीबेरंगी! कोळणींची ओळख त्या कागदात एवढीच होती. अहो, पुरुष समुद्रावर जातो आणि मासळी आणतो. त्या मासळीचा लिलाव पुकारणं, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणं, उधारी लक्षात ठेवणं, नवं जाळं आणि डिझेल यांचे पैसे उभे करणं हे सारं बाईच्या हातात. ज्या थोड्या धंद्यांत रोख पैसा बाईच्या कमरेला राहिला त्यातला हा एक. मुंबई नावाचं शहर नव्हतं तेव्हापासून तो चाललेला आहे. आणि त्याच धक्क्यावर थोडं आत, ओल्या जमिनीवर, कोलंबी सोलत बसलेल्या बायका. सोललेल्या मालाच्या मापावर मजुरी. बर्फाने आणि खाऱ्या पाण्याने बोटांची सालं निघालेली. आमची वरात त्यांच्या मधून गेली, पाय जपत, नाकाला रुमाल. एक बाई मान वर न करता शेजारणीला म्हणाली, "आल्या बघ, वास घ्यायला." मला ते मराठीत कळलं आणि मी त्यांच्यातली नाही, ह्यांच्यातली आहे, हेही कळलं.

गेटवेला फार वेळ घालवला नाही. राजाच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली कमान १९२४ ला पुरी झाली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण तिच्यातूनच निघून गेली. हे ऐकायला मजा येते. पुढे चला.

फोर्टमध्ये मात्र मी गप्प बसू शकले नाही. राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बड्या व्यापाऱ्याने पैसे दिले, आईचं नाव द्यायला लावलं. आई अंध, जैन असल्याने सूर्यास्ताआधी जेवायची, घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळे अशी आख्यायिका. भाचीच्या मैत्रिणीचे डोळे पाणावले. मुलाने आईचं नाव अमर केलं! मी विचारलं, याच टॉवरवरून १८९१ साली दोन पारशी तरुणी खाली पडून मेल्या, ते सांगतेस का? तिला माहीत नव्हतं. त्यांच्यावर वर काय प्रसंग गुदरला यावर तेव्हा अख्खी मुंबई बोलत होती, खटला चालला, पण त्यांच्या मृत्यूबद्दल खुनाची शिक्षा कोणालाही झाली नाही. साक्षीपुरावे, संशयाचा फायदा, मुली तिथे गेल्याच कशाला ही कुजबूज. आपण आजही पोलीस ठाण्यांत हीच भाषा ऐकतो.

आणि शेजारी उच्च न्यायालय. तिचा कागद म्हणतो: गॉथिक शैली, १८७८, काळा दगड, शिखरावर न्यायदेवता. मी म्हणते, दोन मिनिटं गाडी थांबव. याच इमारतीत रुखमाबाईंचा खटला चालला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, हे लग्न माझ्या संमतीने झालेलं नाही, मी नांदायला जाणार नाही. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. पहिल्या न्यायाधीशाने १८८५ मध्ये तिची बाजू घेतली. सनातनी खवळले, अपील झालं, आणि १८८७ साली हुकूम निघाला की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली, परत येऊन सुरतेला दवाखाना चालवला. वैवाहिक संबंध पुनःस्थापनेचं ते कलम आजही आपल्या कायद्यात आहे. आमच्या केंद्रावर त्याच्या नोटिसा घेऊन बायका येतात. म्हणजे ही जागा नुसती जुनी नाही, चालू आहे. भाची ऐकत राहिली. गाईड घड्याळ बघत होती, तरी तीही ऐकत होती.

एकदा असं बघायला लागलं की थांबता येत नाही. दगडाच्या बाया या शहरात हव्या तेवढ्या! फ्लोरा फाउंटनवर रोमन देवी, व्हीटीच्या (आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) घुमटावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती'. फ्लोराच्या शेजारी हुतात्मा स्मारक. त्यावर शेतकरी आणि कामगार, दोघेही पुरुष. पण संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत निपाणीच्या कमलाबाई मोहिते आहेत. ते नाव मीही फार उशिरा वाचलं, त्याआधी त्या चौकातून किती मोर्चे नेले असतील! तेव्हा गाईडला बोल लावायला मी कोण?

दुपारी बारापर्यंत लघवीचा प्रश्न आला. हसू नका, प्रत्येक शिबिरात हा विषय शेवटी येतो आणि तो पहिला यायला हवा. आम्हांला एका बड्या हॉटेलात नेलं. भाची इंग्रजीत काहीतरी बोलली, दरवाजा उघडला, आम्ही आत गेलो. गाईड बाहेरच उभी. "कंपनीच्या लोकांना आत जाऊ देत नाहीत, काकू. मी सकाळपासून पाणीच पीत नाही." मॅडमची काकू मी त्या क्षणी झाले. २०११ पासून मुंबईतल्या संघटनांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे, हा भेद चव्हाट्यावर आणला. आणि जी मुलगी परदेशी पाहुण्यांना या शहराचं वैभव दाखवते तिला अकरा तास तहान मारावी लागते. तिला हाताला धरून मी आत नेलं. कोणी अडवलं नाही, कारण माझ्या गळ्यात भाचीचा कॅमेरा होता.

मणिभवनात गांधीजींची खोली, चरखा. सगळं शांत, छान. पण याच संस्थेच्या पुढे अध्यक्ष झालेल्या उषा मेहता कागदात नाहीत. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या या मुलीने साथीदारांसह गुप्त रेडिओ सुरू केला, जागा बदलत तो चालवला आणि नोव्हेंबरात पकडली गेल्यावर चार वर्षांची शिक्षा घेतली. जवळच गवालिया टँक, तिथे ९ ऑगस्टला अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला. गाडी तिथून न थांबता गेली. हाजीअलीला मात्र थांबली. "आता स्त्रियांनाही आतपर्यंत प्रवेश आहे," गाईडने वाचल्यासारखं सांगितलं. आहे, पण तो ट्रस्टला सुचलं म्हणून नव्हे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका न्यायालयात गेल्या, २०१६ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गाभ्यापर्यंत गेल्या. 'आहे' या एका शब्दात बायकांची लढाई कशी गिळली जाते, बघा.

आणि मग कामाठीपुरा. तो कार्यक्रमात लिहिलेला होता: 'गाडीतून दर्शन'. दर्शन! ड्रायव्हरने वेग कमी केला, तशी त्याला सूचना होती. "इथे काचा बंद ठेवा, फोटो काढू नका," गाईड म्हणाली आणि तोच मजकूर पुढे चालू ठेवला. दारात बसलेल्या एका बाईने पदर तोंडावर ओढला. भाचीच्या मैत्रिणीने फोन वर केलाच, मी हात आडवा घातला. ती म्हणाली, मला वाईट वाटतंय म्हणून मी बघतेय. मी म्हटलं, तुला काय वाटतंय हे तिने विचारलेलं नाही. गाडीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही.

वेश्याव्यवसाय म्हणायचं, देहविक्री म्हणायचं की लैंगिक काम म्हणायचं यावर आपल्या संघटनांत वर्षानुवर्षं वाद आहेत. मीही त्यात एका बाजूने तावातावाने बोललेली आहे. ते वाद चालू राहोत. पण ज्या बाईला तुम्ही विचारलेलं नाही तिला प्राणिसंग्रहालयासारखी काचेतून दाखवून त्याचे पैसे घ्यायचे, या बाबतीत दोन मतं असू नयेत. गिऱ्हाईक निदान तिला पैसे देतं. आम्ही तेही दिले नाहीत, कंपनीला दिले.

माझ्या काही मैत्रिणींना हा लेख एकांगी वाटेल, हे माहीत आहे. एक म्हणालीच, पर्यटनाने रोजगार मिळतो, त्या गाईडच्या पोटावर पाय का देतेस? देत नाही. उलट तिचा रोज वाढला पाहिजे, तिला नेमणुकीचं पत्र मिळालं पाहिजे, टूर कोणत्या संडासाजवळ थांबणार हे कार्यक्रमात छापलं पाहिजे. दुसरी म्हणाली, परदेशी माणसाला रुखमाबाई कशाला हवी, त्याला ताजमहाल हॉटेल हवं. हे मला पटत नाही. भाचीने त्या दिवसातलं काय काय घरी सांगितलं ते मी ऐकलं आहे. गेटवेचं एक वाक्य, रुखमाबाईचं अर्धा तास.

टूरमध्ये गिरणगाव नव्हतंच. परतताना लालबागला मला सोडायचं म्हणून गाडी तिकडून गेली. मी दाखवत गेले. इथे रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायका होत्या, माझी आई त्यातलीच. नवी यंत्रं आणि रात्रपाळीचे कायदे यांच्या नावाखाली आधी बायकांनाच काढलं गेलं, त्यानंतर कितीतरी वर्षांनी गिरणी बंद पडण्याची पाळी पुरुषांवर आली आणि तेव्हा कुठे ती 'शोकांतिका' झाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि घरात चूल पेटती ठेवली ती खानावळी चालवणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी. त्या खानावळवाल्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. चिमणीच्या जागी टॉवर आले. पाटी नाही, खूण नाही.

उतरताना गाईड म्हणाली, "काकू, त्या कोर्टाच्या बाईंचं नाव लिहून द्या ना. 'रुक्मा' की 'रुखमा'?" मी तिच्याच छापील कागदाच्या मागे लिहून दिलं, सालांसकट. मग म्हणाली, "पण मी हे बोलले आणि एखाद्याने कंपनीला तक्रार केली तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आमच्या गटाने आता मुंबईच्या अशा जागांची यादी करायला घेतली आहे. रस्ता, इमारत, साल, काय घडलं, आणि जवळचा चालू स्थितीतला संडास कुठे. गाईड म्हणून काम करणाऱ्या मुलींना ती फुकट देणार आहोत आणि त्यांची एक बैठक घेणार आहोत, त्यांच्या सुट्टीच्या वारी, त्यांच्या सोयीच्या स्टेशनाजवळ. पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूरच्या गटांनी आपापल्या गावची यादी आमच्याकडे पाठवावी. हुतात्मा चौकात कमलाबाईंच्या नावासाठी निवेदन तयार आहे, सह्या हव्या आहेत.