दोष पिकल्या केसांचा की कोऱ्या वहीचा?

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो. म्हाताऱ्यांनी खुर्ची सोडावी, तरुणांना तिकिटे द्यावीत, म्हणजे रुसलेला मतदार आपोआप मतदान केंद्राकडे वळेल, असे छातीठोकपणे सांगितले जाते. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा अजित पवारांनी भर सभेत काकांचे वय काढले. शरद पवार तेव्हा 82 वर्षांचे होते. हाच वाद मिस्सेनंतर चर्चच्या आवारातही आमच्या कानी पडतो. आम्हांला तो दिशाभूल करणारा वाटतो.

वयाला मर्यादा असू नये, असे आमचे म्हणणे नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार महागुरूंनी आणि आमच्यासारख्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी वयाच्या 75 व्या वर्षी राजीनामा सादर करावा अशी अपेक्षा असते. 80 ओलांडलेल्या कार्डिनलना पोपच्या निवडणुकीत मत नसते. आपल्या राज्यघटनेत मात्र लोकसभेच्या उमेदवाराला किमान 25 वर्षांची अट आहे, कमाल वयाची नाही. उद्या कोणी तशी अट घातली तर आम्ही तिचे स्वागतच करू. पण तेवढ्याने मतदाराचा विटलेला जीव ताळ्यावर येईल, ही समजूत भाबडी आहे.

पुरावा आपल्या दारातच आहे. कल्याण लोकसभा मतदारसंघ नव्याने आखला गेल्यावर 2009 साली तेथे पस्तिशीतले आनंद परांजपे निवडून आले. मतदान झाले सुमारे 34 टक्के. 2014 साली डॉ. श्रीकांत शिंदे वयाच्या 27 व्या वर्षी खासदार झाले. मतदान सुमारे 43 टक्के. 2019 साली 45 आणि 2024 साली 50 टक्क्यांच्या आसपास. आकडा हळूहळू चढला, हे मान्य. तरीही उमेदवार ऐन तारुण्यात असताना निम्मे मतदार घरीच राहिले. उलट सांगोल्याचे गणपतराव देशमुख 2014 साली, वयाची 85 ओलांडल्यावर, अकराव्यांदा आमदार झाले. लोकांनी त्यांचे वय पाहिले नाही, वागणे पाहिले.

मग मतदार का विटला? पहिले कारण असे की, उमेदवार तरुण असला तरी त्याची निवड बंद दाराआडच होते आणि तिकीट पुष्कळदा घरातल्या घरात फिरते. वर उल्लेखिलेल्या दोघांचेही वडील राजकारणात मोठ्या पदांवर होते. त्यांच्या गुणावगुणांविषयी आम्हांला येथे काही म्हणायचे नाही. प्रश्न इतकाच की, ज्याच्या घरी आधीचा झेंडा नाही अशा होतकरू मुलाला दार कोण उघडणार? दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली, ठाण्याची मार्च 2022 मध्ये. निवडणूक झाली ती 15 जानेवारी 2026 रोजी. मधली सर्व वर्षे प्रशासकांनी कारभार हाकला. गटार तुंबले, पाणी आले नाही, तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. इतके थांबून निवडणूक आली, तेव्हा कल्याण-डोंबिवलीत अनेक जागा मतदानापूर्वीच बिनविरोध ठरल्या. त्या जागांपुरते बटण दाबण्याचे भाग्यही मतदाराला लाभले नाही. मताची अशी थट्टा झाल्यावर उमेदवाराचे केस काळे की पांढरे, हे कोण पाहत बसणार?

परंतु बंधुभगिनींनो, दोष एकट्या पुढाऱ्यांचा नाही. 20 मे 2024 हा मतदानाचा दिवस सोमवारी आला. सलग तीन सुट्यांचा बेत आखून गावी गेलेली कुटुंबे आमच्याही धर्मग्रामात होती. 85 वर्षांवरील मतदारांना घरून मत देण्याची सोय होती, तरी आमच्या ओळखीच्या एका आजीबाई काठी टेकीत केंद्रावर गेल्या. त्यांचा नातू मात्र, ‘काय फरक पडणार?’ म्हणत झोपून राहिला. येथे म्हातारे कोण झाले होते? आणि यादीत नाव नाही म्हणून त्या दिवशी पुष्कळांनी तक्रार केली. ती रास्त होती. पण आपले नाव आधी तपासण्याचे कष्ट किती जणांनी घेतले?

ठाण्याचे खासदार रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. कल्याण त्या वेळी ठाण्याच्याच मतदारसंघात होते. म्हाळगी 1982 साली निवर्तले, आणि ही प्रथा पुढे प्रत्येक लोकप्रतिनिधीचे कर्तव्य ठरायला हवी होती. ते झाले नाही, कारण आपण ती मागितली नाही. तेव्हा आमची सूचना साधी आहे. दर जानेवारीत आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, धर्मग्रामाच्या सभागृहात बोलवावे आणि वर्षाचा हिशेब मागावा. हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांनाही त्या सभेत जागा असावी. तुंबलेले गटार कोणाचा धर्म विचारीत नाही.

जो वही उघडून दाखवील तो 30 वर्षांचा असो वा 80 चा, त्याला मत द्यावे. जो कोरी वही काखेत मारून फिरेल, त्याला तारुण्याच्या नावाखाली सूट देऊ नये. मात्र हिशेब मागणाऱ्याने त्या दिवशी घरी झोपून चालणार नाही.