पडणे हे वार्धक्याचे प्राक्तन नव्हे

“आता वय झाले, पडायचेच!” हे वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यामागची हार कोणाच्या ध्यानातही येत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रियाही यथास्थित पार पडते. परंतु कालपर्यंत पूजेसाठी फुले वेचणारी आजी पुन्हा अंगणात उतरत नाही. हाड सांधते, मनात बसलेली भीती मात्र जात नाही. मुले-सुना मनोभावे सेवा करतात. ती सेवा पडण्याच्या आधी करता आली असती, हा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रश्न लहान नाही. २०११च्या जनगणनेनुसार साठी गाठलेले दहा कोटींहून अधिक नागरिक आपल्या देशात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अंदाजाप्रमाणे जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात. त्यांत सर्वाधिक संख्या साठीपुढच्यांची आहे.

डोळे, अंतःकर्ण, तळपाय आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मेंदू जुळवतो आणि पायांचे स्नायू क्षणार्धात देह सावरतात. यालाच आपण तोल म्हणतो. वयानुसार ही यंत्रणा मंदावते, हे खरे. पण अभ्यासाने ती सुधारते, हेही तितकेच खरे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी पायांचे बळ आणि तोल वाढवणाऱ्या व्यायामांचा घरच्या घरी करण्याजोगा क्रम आखला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या चाचणीत ऐंशी वर्षे व त्यापुढील स्त्रियाच होत्या. पुढे अशा चार चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०१९च्या कोक्रेन आढाव्याने तर १०८ चाचण्यांचा परामर्श घेऊन व्यायामाची उपयुक्तता अधोरेखित केली. मात्र केवळ चालण्याने पडणे टळते, असे त्या आढाव्यालाही खात्रीने सांगता आले नाही. सकाळची फेरी झाली की व्यायाम संपला, असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आपली खरी अडचण आहे ती प्रेमाची. “बाबा, तुम्ही बसा, पाणी मी आणतो,” असे म्हणत आपण वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवून ठेवतो. न वापरलेले स्नायू क्षीण होतात आणि ज्या पडण्याच्या धास्तीने त्यांना बसवले, तेच पडणे जवळ येते. उठू न देणे ही सेवा नव्हे. उठता यावे यासाठी साहाय्य करणे ही सेवा होय.

त्यासाठी साहित्य लागत नाही. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणे, मग चवडे उचलणे. हातांचा आधार शक्य तितका कमी घेत खुर्चीतून उठणे-बसणे. एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. भिंतीलगत एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच टेकवत चालणे. आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-अर्धा तास एवढे पुरे. सरावाने आधार कमी करत जावे. आरंभी घरातील कोणीतरी शेजारी उभे राहावे. चक्कर येत असेल, पूर्वी पडणे झाले असेल किंवा सांधे दुखत असतील, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. झोपेची आणि रक्तदाबाची औषधेही डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावीत. न्हाणीघरातील ओल, रात्रीचा अंधार आणि सैल चपला यांचा बंदोबस्त तर आजच करता येईल.

गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि योगवर्गांनी व्याख्याने व सहलींबरोबर हा अभ्यासही नित्यक्रमात घ्यावा. नातवंडांनी आजी-आजोबांसोबत एका पायावर उभे राहावे. घरात हसू पिकेल आणि नियमही टिकेल. ज्या हातांनी आपल्याला पहिले पाऊल टाकायला शिकवले, त्यांची पावले स्थिर राखणे हे आपले कर्तव्यच आहे.