हजेरी, शेजारी आणि चेंजओव्हर

मध्यंतरी चिखलीच्या लग्नात दोन-तीन नातेवाइकांनी विचारलं, "ते तुमच्या घरात म्हणे भाच्यानं नोटा छापायचं मशीन ठेवलंय?" तेव्हा एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं. मशीन आहे, चपात्यांच्या डब्याएवढं आहे, आणि ते नोटा छापत नाही. ते हजेरी लावतं.

भाच्यानं २०२० च्या डिसेंबरात बत्तीस इथर घेऊन इथेरियमवर अनामत म्हणून ठेवले. तेव्हा ती रक्कम चौदा लाखांच्या आसपास होती. बत्तीस इथर ठेवले की तुम्हाला एक व्हॅलिडेटर चालवता येतो. पुढे तो जर्मनीला गेला. मशीन खामगावला माझ्याकडे आलं, कारण आमच्याकडे दोन इन्व्हर्टर आहेत आणि मी रिकामा आहे. पैसे काढून घेण्याची किल्ली त्याच्याकडेच आहे. माझ्याकडे फक्त सहीची किल्ली, तीही मशीनच्या पोटात. (कोणीही हे वाचून पैसे घालायला जाऊ नये. भाव कुठून कुठे जातो ते पाहिलंय, आणि २०२२ च्या एप्रिलपासून अशा नफ्यावर तीस टक्के कर आहे. आमच्या सीएंनी तर कपाळाला हात लावला होता.)

काम काय? जगभर विखुरलेली अशी लाखो खाती आहेत. बारा सेकंदांचा एक स्लॉट, बत्तीस स्लॉटचा एक इपॉक, म्हणजे सहा मिनिटं चोवीस सेकंद. प्रत्येक इपॉकमध्ये प्रत्येकानं एकदा सही करून सांगायचं, की वहीचं हे पान मला बरोबर दिसतंय. सही केली तर अगदी किरकोळ मोबदला, नाही केली तर साधारण तेवढाच दंड. आणि एकाच वेळी दोन वेगवेगळ्या पानांवर सही केली तर अनामतीतून तुकडा कापतात आणि हाकलून देतात. याला स्लॅशिंग म्हणतात. गैरहजर माणूस आणि दोनदा मत देणारा माणूस यांत केलेला हा फरक मला फार आवडला. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत असा नियम असता तर अर्धं गाव बाद झालं असतं :-)

हे आपल्यापासून फार लांबचं आहे असंही नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीला २०२२ साली जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या साखळीवर नोंदवले गेले. दाखला खरा की खोटा हे पडताळता यावं म्हणून त्याचा ठसा तिथे ठेवायचा, अशी कल्पना. पॉलिगॉनचे व्हॅलिडेटर शंभराच्या आसपास. म्हणजे एटापल्लीतल्या एखाद्या पोराच्या दाखल्याचा पुरावा कोणा अनोळखी माणसांच्या मशीन नीट चालण्यावर टेकलेला आहे. ती माणसं आपल्या मशीनकडे कशी लक्ष ठेवतात, हा प्रश्न म्हणूनच मला नुसता छंदाचा वाटत नाही.

तर लक्ष ठेवण्याविषयी. भाच्यानं जाण्याआधी मला डॅशबोर्ड लावून दिला. दोन प्रोग्रॅम असतात. प्रोमिथियस हा आपल्या मीटर रीडिंगवाल्यासारखा. दर पंधरा सेकंदांनी ठरलेल्या दारांवर जाऊन आकडे टिपून आणतो. एका दारावर मशीनची तब्येत कळते, दुसऱ्यावर इथेरियमच्या प्रोग्रॅमची. आणि ग्राफाना त्या आकड्यांची चित्रं काढतो. इंटरनेटवर तयार डॅशबोर्ड मिळतात, भाच्यानं त्यातला सगळ्यात मोठा उचलला. साठच्या वर चौकोन. हिरवे, पिवळे, वळवळणाऱ्या रेघा. पहिला आठवडा मी रात्री एक-एक वाजेपर्यंत ते बघत बसायचो. आमची ही म्हणाली, "शेअर बाजारवाल्यांसारखे डोळे झालेत तुमचे." काही समजायचं नाही, पण बघायला बरं वाटायचं. माझं म्हणणं असं की बहुतेक डॅशबोर्ड याच कामासाठी असतात. आपण काहीतरी सांभाळतोय असं वाटायला.

शिवाय बावीस इशारे लावलेले. प्रोसेसर ऐंशी टक्क्यांच्या वर गेला, टिंग. शेजारच्या मशीनांची संख्या पन्नासच्या खाली गेली, टिंग. रात्री डेटाबेसची साफसफाई चालते तेव्हा प्रोसेसर वर जाणारच, त्यात बिघाड काही नाही. पण फोन वाजायचाच. तिसऱ्या आठवड्यात मी फोनचा आवाज बंद करून झोपायला लागलो.

आणि तेव्हा मला जिनिंग आठवली. मी वीस वर्षं एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये इलेक्ट्रिकलचं काम बघत होतो. तिथे धुराचा अलार्म होता. कापसाचे तंतू उडून त्यात गेले की तो उगाचच बोंबलायचा. महिनाभर सगळ्यांनी धावपळ केली, मग कोणीतरी वायर काढली. कोणी ते मला माहीत आहे, कारण ती मीच काढली. तीन महिन्यांनी अंगणातल्या गंजीनं पेट घेतला, आणि तो गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनला दिसला म्हणून कळला. माणसं वाचली, अर्धी गंजी गेली. चौकशीत कोणी वायरीचं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आज सांगतोय.

म्हणून खोटा अलार्म हा नुसता त्रास नव्हे, असं मी भाच्याला फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "मामा, माहिती जास्त असलेली केव्हाही चांगली." वाद तिथेच राहिला.

जुलै २०२४. मोठा वारा-पाऊस, मध्यरात्रीनंतर कधीतरी लाइट गेली. इन्व्हर्टर अडीच-एक तास चालला आणि बसला. एकही इशारा आला नाही. कसा येणार? इशारा देणारा प्रोग्रॅम त्याच डब्यात, त्याच इन्व्हर्टरवर! साठ चौकोनांपैकी एकालाही "मी मेलोय" असं सांगता येत नव्हतं. हे माझ्यासारख्या वायरमनच्या आधी लक्षात यायला हवं होतं, नाही आलं.

पहाटे साडेपाचला जर्मनीहून फोन. तिकडे रात्रीचे दोन. तो झोपायच्या आधी सार्वजनिक वेबसाइटवर आमची हजेरी बघत होता, तर ओळीनं लाल. "मामा, घाबरू नका, मी इथं एक भाड्याचा सर्व्हर घेतलाय, किल्लीची कॉपी आहे माझ्याकडे, दहा मिनिटांत चालू करतो."

मी अर्धवट झोपेत होतो, पण "थांब!" असं जोरात ओरडलो. इतकं की ही उठून बसली.

ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांना चेंजओव्हर स्विच माहीत असेल. एक दांडा, दोन बाजू. दांडा एकतर महावितरणच्या बाजूला किंवा जनरेटरच्या बाजूला. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊच शकत नाही, अशीच त्याची रचना असते, कारण दोन्ही पुरवठे एकत्र आले तर जनरेटर जळतो नाहीतर खांबावरचा लाइनमन मरतो. आणि आमच्या मशीनला तर मीच सेटिंग करून ठेवलेलं, की लाइट आली की आपोआप चालू व्हायचं. तिकडे सर्व्हर सह्या करतोय, इकडे लाइट आली, हेही सह्या करायला लागलं. एकच किल्ली, दोन हात. मध्ये दांडा कुठेच नाही.

मग आम्ही फोनवर हिशेब केला. बत्तीस इथरवर वर्षाला तीनेक टक्के मोबदला. पाच तासांची गैरहजेरी, वर दंड, सगळं मिळून तीनशे रुपयांच्या आत. शेगावला घरच्यांना कचोरी खाऊ घालायला लागतील इतके. आणि दोन सह्या झाल्या असत्या तर त्या वेळच्या नियमानं नुसती सुरुवातच एका इथरनं, म्हणजे तेव्हाच्या भावानं अडीच लाखांच्या वर. २०२५ च्या मे महिन्यातल्या पेक्ट्रा बदलानंतर तो सुरुवातीचा दंड खूपच कमी झाला आहे, पण हाकलणं आहेच. मी वाचलं तेव्हा कळलं की हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत स्टेक्ड या व्यावसायिक कंपनीचे ७५ व्हॅलिडेटर दुहेरी सह्यांपायीच कापले गेले होते. हल्लीच्या प्रोग्रॅममध्ये अशीही सोय असते की चालू झाल्यावर दोन-तीन इपॉक गप्प बसायचं, आपलीच सही दुसरीकडून येतेय का ते बघायचं, मगच तोंड उघडायचं. आम्ही ती लावलेली नव्हती.

पावणेसातला लाइट आली. मशीन उठलं, मागचं वाचून काढलं, सही केली. ग्राफानाच्या रेघेत मात्र तेवढी जागा कोरी राहिली. पडलेल्या दातासारखी.

यात मला भाच्याची घाई कळते. डॅशबोर्ड लाल दिसला की हात शिवशिवतात. म्हणूनच माझं मत असं झालंय की डॅशबोर्ड बनवताना पहिला प्रश्न "काय काय दिसेल" हा नसावा, "हे लाल झालं तर मी काय करणार" हा असावा. काहीच करणार नसू तर तो चौकोन काढून टाकावा.

आपल्या जिल्ह्याला खरं तर याची सवय आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यांचं रिंगण. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही, पहाटे जाऊन काय हललं, काय भिजलं ते वाचतात आणि वर्षाचं भाकीत सांगतात. अंनिसवाल्यांचा त्याला विरोध आहे, आणि भाकिताच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूचा. पाऊस काही ढेकळाला विचारून येत नाही. पण मांडणीचं म्हणाल तर मला त्यात गोम दिसते. जागा ठरलेल्या, प्रत्येक दाण्याला एक अर्थ, आणि रिंगणाभोवती जमलेल्या कोणाही शेतकऱ्याला कळतं की ज्वारी कुठली आणि कपाशी कुठली. रात्रभर जागून बघायचं तर नाहीच.

तर मी साठ चौकोन काढले आणि पाच ठेवले. नावं मराठीत लिहिली. हजेरी: मागच्या इपॉकची सही झाली का. शेजारी: किती मशीनांशी बोलणं चालू आहे. जागा: डिस्क किती दिवसांनी भरेल. दोन टीबीची डिस्क, त्यातली बरीचशी आत्ताच भरलेली, आणि मागच्या आठवड्याच्या वेगावरून प्रोमिथियस तारखेचा अंदाज देतो. हे भाकीत मात्र मला पटतं. ताप: मे महिन्यातलं खामगाव माहीत असणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. आणि घड्याळ. याला भाचा हसला होता. पण २०२० च्या ऑगस्टमध्ये इथेरियमचं मेडाला नावाचं चाचणीचं जाळं कोसळलं ते एका प्रोग्रॅमला वेळ चुकीची मिळाल्यामुळेच. बारा सेकंदांच्या खेळात घड्याळ चुकलं तर बाकी सगळं हिरवं असून उपयोग नाही.

इशारे बावीसचे दोन केले. एक, तीन इपॉक ओळीनं सही नाही. दुसरा उलटा आहे. मशीन दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एका सेवेला "आहे बरं का" असं कळवतं, आणि ते कळवणं थांबलं की ती सेवा मला फोनवर उठवते. म्हणजे बोंब मारायचं काम आता मेलेल्यावर नाही. आणि तिसरी गोष्ट मशीनच्या डब्यावर चिकटवलेली, मार्करनं लिहिलेली: दुसरीकडे चालू करण्याआधी इथली पिन काढ, पिन हातात घेऊन फोटो पाठव. भाच्याला हे फार गावठी वाटतं. असू दे. चेंजओव्हरचा दांडाही गावठीच असतो.

मागच्या महिन्यात आम्ही मेहकरला एका बारशाला गेलो होतो. म्हणजे मी गेलो होतो, हिचे गुडघे दुखत होते म्हणून ही घरीच. जेवायला बसलो आणि फोन आला. पोटात गोळाच आला.

"अहो, ते तुमचं 'शेजारी' शून्यावर आलंय. मी राउटर बंद करून परत लावला. आता चोवीस झालेत, वाढताहेत."

"आणि हजेरी?"

"एक बुडाली. दुसरी लागली. जेवलात का?"