गाव कुणाच्या ओसरीवरून पाहिले?

म्हैसूरकडच्या एका खेड्यावरचे एक पुस्तक समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गेली कित्येक वर्षे शिकवले जाते. पुस्तकाचे नाव ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’, म्हणजे आठवणीतले गाव. लेखक प्रा. एम. एन. श्रीनिवास. त्यांनी समाजशास्त्राचे धडे आपल्या मुंबई विद्यापीठात प्रा. घुर्ये यांच्याकडे घेतले आणि मग ते ऑक्सफर्डला गेले. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या ‘रामपुरा’ गावी जाऊन राहिले. नाव अर्थात बदललेले. १९५२ साली पुन्हा गेले. सगळी टिपणे लिहून काढली. पुढे १९७० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत स्टॅनफोर्ड येथे ते काम करीत होते त्या संस्थेला कुणीतरी आग लावली आणि टिपणांच्या तयार प्रती जळून गेल्या. तेव्हा त्यांनी आठवणीवरच पुस्तक लिहिले. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले.

पुस्तक वाचनीय आहे यात शंका नाही. शेतकऱ्याचे बैलावरचे प्रेम, पाटलाचा कारभार, तंटे, पंचायती, भाताची शेती, सारे डोळ्यांसमोर उभे राहते. दीड हजार वस्तीचे गाव, त्यात हिंदूंच्या एकोणीस जाती, शिवाय मुसलमान. जवळजवळ निम्मे लोक ओक्कलिग, म्हणजे आपल्याकडच्या कुणब्यांसारखे शेतकरी. जमीन त्यांची, पाटीलकी त्यांची, शब्द त्यांचा. अशा जातीला श्रीनिवासांनी ‘प्रभुत्वशाली जात’ हे नाव दिले. हे नाव त्यांनी फार उपयोगाचे दिले, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. गावात नुसती भिक्षुकाची उच्चता चालत नाही; ज्याच्याकडे जमीन, माणूसबळ आणि कचेरीत वजन आहे त्याचे चालते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते. आता ते पुस्तकात आले.

पण आम्ही पडलो कारकून माणूस. खतावणी पुढे आली की आकड्यांच्या आधी ती कुणी लिहिली आणि कुठे बसून लिहिली ते पाहायची सवय. श्रीनिवास कुठे उतरले होते? पाटलाच्या घरी. राहत्या वाड्यात नव्हे, बैल बांधायच्या दुसऱ्या घरात. पण घर पाटलाचेच. ते जन्माने ब्राह्मण, आणि गावाने त्यांना ते विसरू दिले नाही. आधी आंघोळ आणि मग दाढी केली म्हणून लोक त्यांना टोकत, ब्राह्मणाला हे शोभत नाही म्हणत. विलायतेत शिकून आलेल्या माणसाची दाढी जिथे गाव ठरवते, तिथे तो माणूस रोज संध्याकाळी अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन चहा पीत बसला असता तर काय झाले असते? आपले चित्र वरच्या जातींच्या बाजूने पाहिलेले आहे, हे श्रीनिवासांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण पुस्तक वाचणारा तेवढे वाक्य विसरतो आणि चित्र तेवढे लक्षात ठेवतो.

हीच गत आंद्रे बेते यांची. त्यांनी १९६१-६२ साली तंजावर जिल्ह्यात ‘श्रीपुरम’ गावाचा अभ्यास केला. मुक्काम अग्रहारात, म्हणजे ब्राह्मण आळीत. तिथून आदि-द्रविडांच्या चेरीत मोकळेपणाने जाणे-येणे कठीणच.

ज्या १९४८ साली श्रीनिवास रामपुरात होते, त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेब घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडत होते. खेडे हा राज्याचा पाया का केला नाही, अशी टीका मसुद्यावर होत होती. बाबासाहेबांनी स्पष्ट उत्तर दिले की खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, आणि मसुद्याने माणूस हाच घटक धरला याचा मला आनंद आहे. एकाच वर्षी एका विद्वानाने गाव पाटलाच्या घरून पाहिले आणि दुसऱ्याने गावकुसाबाहेरून. दोघेही मोठे विद्वान.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. श्रीनिवासांचे सर्वांत गाजलेले सूत्र म्हणजे ‘संस्कृतीकरण’. खालची जात वरच्या, बहुधा द्विज जातीच्या चालीरीती उचलते, मांस-दारू सोडते, आणि एक-दोन पिढ्यांत वरची जागा मागते. कुर्गवरच्या १९५२ च्या पुस्तकात त्यांनी हे मांडले. आमच्या ओळखीतला एक मुलगा बी. ए. च्या परीक्षेआधी आमच्याकडे आला होता. त्याच्या गाइडात उदाहरण म्हणून छापले होते की महारांनी मृत मांस सोडले, ते संस्कृतीकरण. मुलाने विचारले, “काका, आजीने मेलेलं ढोर ओढायचं सोडलं ते बामणासारखं व्हायला का?”

त्याला आम्ही जे सांगितले ते इथे सांगतो. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, नीट राहा, असे सांगितले. पण त्याच महाडला त्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली. ज्याची नक्कल करायची त्याचा ग्रंथ कोणी जाळतो का? १९५६ ला नागपूरला लाखोंनी धम्म घेतला तो जातीच्या शिडीवर एक पायरी वर चढायला नव्हे. शिडीच सोडून द्यायला. आणि श्रीनिवासांनी स्वतः लिहिले आहे की अस्पृश्य जातीने कितीही संस्कृतीकरण केले तरी अस्पृश्यतेची भिंत तिला ओलांडता येत नाही. गाइडवाल्यांनी एवढे तरी छापायला हवे होते.

यावर दुसऱ्यांनीही अभ्यास केला आहे. ओवेन लिंच या अमेरिकन संशोधकाने आग्र्याच्या जाटवांवर १९६९ साली पुस्तक काढले. जोडे बनवणारे हे लोक आधी आम्ही क्षत्रिय म्हणून दावा करीत. त्यात फार काही हाती लागले नाही. मतदानाचा हक्क आला, रिपब्लिकन पक्ष आला, बाबासाहेबांचा धम्म आला, आणि त्यांनी क्षत्रियपणाचा नाद सोडला. म्हणजे जिथे संस्कृतीकरण होते तिथेही ते टिकले नाही.

आणखी एक अभ्यास आम्हाला फार बोलका वाटतो. स्कार्लेट एप्स्टाइन या बाई १९५० च्या दशकात मंड्या भागात दोन गावांत राहिल्या. एकाला नाव दिले वांगला, दुसऱ्याला दलेना. वांगलाला कालव्याचे पाणी मिळाले, ऊस आला, पैसा आला. दलेनाची शेते उंचावर, ती कोरडीच राहिली. आपल्याला वाटेल, जिथे पैसा आला तिथे जात सैल झाली असेल. झाले उलटे. वांगलात शेतीचे काम गावातच वाढले, तेव्हा शेतकरी आणि त्याचा पिढीजात अस्पृश्य गडी हे नाते तसेच राहिले. दलेनाचे लोक पाणी नाही म्हणून नोकरी-धंद्याला बाहेर पडले आणि तिथली जुनी बांधिलकी तुटली. वांगलात अस्पृश्यांनी नाटक बसवले, त्यात त्यांचा माणूस राजा होऊन सिंहासनावर बसणार होता. शेतकऱ्यांना ते सोसले नाही. त्यांना काम देणे बंद झाले. पाण्याचा पाट आला, पण नाटकातले खोटे सिंहासनही खपले नाही! आपल्यापैकी कितीजणांचे वाडवडील गिरणीत, रेल्वेत, गोदीत आले, ते आठवा म्हणजे दलेना समजेल.

आपल्या महाराष्ट्रात त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. बलुत्याची माहिती त्यात खच्चून भरली आहे. पण येसकर रात्री जागताना काय मनात आणत होता ते त्यात कुठून असणार? ते यायला १९७८ चे दया पवारांचे ‘बलुतं’ यावे लागले, आणि बायांची बाजू यायला बेबीताई कांबळेंचे ‘जिणं आमुचं’. श्रीनिवासांचे पुस्तक १९७६ चे. दोन्ही बाजूंची खाती दोन वर्षांच्या अंतराने लिहिली गेली; विद्यापीठाने बरीच वर्षे एकच उघडले.

महार वतन कायद्याने १९५८ साली गेले. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या घरात असे कोणी असेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला वही देऊन त्यांच्यापुढे बसवा. बलुते कोणत्या दिवशी मागायला जायचे, किती भाकरी मिळत, पाणी कुठून, पाटलाचा सांगावा कोण आणी, वतन सोडले तेव्हा गाव काय म्हणाले, हे विचारून जसे बोलतील तसे उतरवा. भाषा सुधारू नका. गावाचे नाव, तालुका, साल घाला. आलेल्या वह्यांतले काही आम्ही या सदरात देऊ.