पुन्हा तेच गाव : ‘अपूर्वाई’चा सोस सोडण्याविषयी

“पुन्हा सांता फे? त्यापेक्षा यंदा पेरू तरी करायचं होतंस!” साहित्य शिकवणाऱ्या एका मित्राचे हे उद्गार. त्यांतले ‘करायचं’ हे क्रियापद कानाला खटकले. हल्ली आपण देश पाहत नाही, ‘करतो’. युरोप केला, जपान केले, आता पेरू राहिले. तीच कादंबरी वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आणि दर वर्षी तीत नवे काही सापडते असे विद्यार्थ्यांना बजावणाऱ्या गृहस्थाने असे म्हणावे, हे विशेष. पुनर्वाचन ही व्यासंगाची खूण आणि पुनर्भेट मात्र आळसाची, हा भेद आपण आणला कोठून?

मला संशय आहे तो आपल्या प्रवासवर्णनांचा. १९६० साली पुस्तकरूपाने आलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या प्रवासवर्णनाचे नावच ‘अपूर्वाई’. पूर्वी न पाहिलेले पाहणे, हा त्या शब्दाचा गाभा. पुलंच्या हाती त्याचे सोने झाले. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी सोने सोडून साचा तेवढा उचलला. लेखक गावात उतरतो, थक्क होतो, घरच्या कशाची तरी आठवण काढतो आणि पुढच्या गावाची गाडी पकडतो. एका भेटीच्या भांडवलावर लिहिलेले प्रवासवर्णन म्हणजे मलपृष्ठ वाचून लिहिलेले परीक्षण, असे मी म्हटले तर पुष्कळांना राग येईल. येऊ द्या. वस्तुतः पुनःपुन्हा जाणे मराठी मनाला परके नाही. ‘पंढरी करून झाली’ असे वारकरी म्हणत नाही. गो. नी. दांडेकर त्याच त्या गडांवर आयुष्यभर चढत राहिले, त्यांना कोणी आळशी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता सांता फेविषयी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील न्यू मेक्सिको राज्याची ही राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फुटांवर, स्पॅनिशांनी १६१० च्या सुमारास वसवलेली. मी प्रथम गेलो २००६ साली. मातीच्या रंगाची, गोलसर कोपऱ्यांची बुटकी घरे पाहिली आणि ‘चारशे वर्षांचे गाव जसेच्या तसे’ असे घरी कळवून मोकळा झालो. ते जवळजवळ सर्वस्वी चूक होते. चौकातल्या गव्हर्नरांच्या वाड्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिक्टोरियन धाटणीची ओसरी जोडली गेली होती. १९०९ ते १९१३ या काळातल्या जीर्णोद्धारात ती काढून आजचे ‘प्राचीन’ रूप देण्यात आले. पुढे १९५७ साली जुन्या भागातल्या इमारतींची शैलीच नियमाने बांधून टाकली गेली. म्हणजे पुष्कळशा घरांत उन्हात वाळवलेल्या विटा नाहीतच. लाकडी वा काँक्रीटच्या सांगाड्यावर मातकट गिलावा आहे. हे मला तिसऱ्या खेपेस उमगले. गावावरचे प्रेम त्याने कमी झाले नाही. आपले पूर्वज निवडून घेणारे गाव अधिकच वाचनीय वाटू लागले.

दुसरे उदाहरण त्याच चौकातल्या दगडी स्तंभाचे. तो १८६०च्या दशकात उभारलेला, मुख्यतः यादवी युद्धातल्या सैनिकांसाठी. पहिल्या भेटीत त्याला टेकून मी छायाचित्र काढून घेतले. एका बाजूच्या लेखात मूलनिवासींशी लढताना पडलेल्यांचा गौरव होता, आणि त्यातला ‘रानटी’ या अर्थाचा शब्द १९७४ साली कोणीतरी भर दिवसा छिन्नीने तासून टाकला होता. ती खोडलेली जागा मला दिसली पुढच्या एका भेटीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी निदर्शकांनी स्तंभच पाडला. २०२१ साली गेलो तेव्हा चौथरा लाकडी खोक्याने झाकलेला होता. आधी शब्द, मग शब्दाची गैरहजेरी, मग दगडाचीही. एकाच भेटीत हा मजकूर वाचता येणार होता काय?

जॉर्जिया ओ’कीफ १९२९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात या मुलखात येत राहिली आणि १९४९ मध्ये कायमची आली. सांता फेपासून सुमारे पन्नास मैलांवरच्या अबिक्यू येथील घराच्या अंगणात एक दार होते. त्या एका दाराची तिने वीसच्या वर चित्रे काढली. ‘दार करून झाले’ असे तिला वाटले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खराही आहे : हे सारे सुखवस्तू माणसाचे चोचले. ठरलेली खानावळ, ओळखीची खिडकी. शिवाय वारंवार येणारा माणूस गावाला ‘माझे’ म्हणू लागतो. स्पॅनिशांच्या आधीपासून या भूमीला आपली म्हणणारे तेवा भाषक प्वेब्लो लोक जवळपास आजही राहत असताना ते ‘माझे’ हास्यास्पद ठरते. मान्य. पण या दोषाची जाणीवही मला पुन्हा जाण्यानेच झाली. ऑगस्टअखेरीस तेथे जाळीच्या फिरत्या पिंपांत हिरव्या मिरच्या भाजतात. खमंग धुराने रस्ता भरतो. ‘लाल की हिरवी?’ हा तेथील राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, आणि दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचे असते. प्रथम तो वास आला तेव्हा साच्याबरहुकूम मला आईच्या ठेच्याची आठवण झाली. पुढे केव्हातरी लक्षात आले की मिरची मूळची त्याच खंडांतली, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलेली. त्या वासाला ‘घरचा’ म्हणण्याचा पहिला हक्क माझा नव्हता.

पुनर्भेटीचे सुख ते हेच. आपले आधीचे वाक्य चुकले होते, हे त्याच जागी उभे राहून कळण्याचे सुख. नव्या गावात ते मिळत नाही, कारण तेथे चुकायला अजून वाक्यच नसते.

मित्राला एवढेच सांगतो : पेरूला अवश्य जा. पण तेथून आल्यावर ‘केले’ म्हणू नकोस. पुन्हा केव्हा जाणार, ते सांग.